थंडीत वारंवार अडणारी रेमिंग्टन मॉडेल ८ : कारणाचा शोध, खोलणी आणि सफाई

सप्टेंबरच्या उबेत सरावाच्या मैदानावर दहा-बारा काडतुसे विनातक्रार उडवणारी ही रायफल नोव्हेंबरच्या मध्यावर, पहाटेच्या कडाक्याच्या गारठ्यात, पहिल्याच गोळीनंतर अडते. कधी रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत तिरकी अडकलेली दिसते, कधी नळी पूर्ण पुढे न येता बोटभर आतच राहते, तर कधी वरवर सगळे जागच्या जागी असूनही दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर नुसता 'टक' असा आवाज येतो, कारण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील काडतूस बसण्याच्या जागेत, नव्या काडतुसाऐवजी तीच रिकामी पुंगळी तशीच बसलेली असते. रायफल घरी आणून दोन-तीन तासांनी तपासली, की ती पुन्हा सुरळीत चालते. माझ्याकडे हे सलग तीन हंगाम घडले आणि प्रत्येक हंगामानंतर मी नळी, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) आणि चेंबर मनापासून साफ केले. तरीही चौथ्या वर्षी काय होणार याची खात्री देता येत नव्हती, कारण मी जिथे सफाई करत होतो तिथे दोष नव्हताच.

मी उत्तर मिशिगनमध्ये राहतो. तेथे बंदुकीने हरणांच्या शिकारीचा नेहमीचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर असा असतो, आणि पहिल्या दिवशी पहाटे पारा शून्याखाली असणे मुळीच नवलाचे नाही. ही रायफल शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांची. त्यांच्या वडिलांनी ती विकत घेतली होती आणि हात थरथरू लागल्यावर त्यांनी ती रीतसर कागदपत्रे करून माझ्या स्वाधीन केली. माझी उमेदीची वर्षे पिंपरी-चिंचवडच्या एका टूलरूममध्ये गेली असल्यामुळे यंत्र खोलण्याची मला भीती नाही, परंतु बंदूक हे वेगळे यंत्र आहे आणि या रायफलीची रचना तर नेहमीच्या बंदुकींहून अगदी वेगळी आहे, हे मला उशिरा कळले. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नसल्याने हे लेखन मुख्यतः अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि अशी जुनी रायफल कायदेशीररीत्या बाळगणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

प्रथम रायफलीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दोषाचे मूळ तिच्या रचनेतच दडलेले आहे. जॉन ब्राउनिंग यांना या रायफलीचे अमेरिकन पेटंट १६ ऑक्टोबर १९०० रोजी मिळाले. रेमिंग्टनने न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील कारखान्यात तिचे उत्पादन १९०६ साली सुरू केले. आरंभी तिचे नाव नुसते 'ऑटोलोडिंग रायफल' असे होते, १९११ पासून तिला 'मॉडेल ८' म्हणू लागले. १९३६ साली तिची जागा मॉडेल ८१ने घेतली आणि तीही १९५०च्या सुमारास बंद झाली. मॉडेल ८ सुमारे ८०,००० बनल्या. .२५, .३०, .३२ आणि .३५ रेमिंग्टन अशी चार काडतुसे तिच्यासाठी होती; माझी .३५ची आहे. इलियनचा तो कारखानाही २०२४ साली बंद झाला, त्यामुळे या रायफलीचा एखादा स्क्रू जरी बिघडला, तरी तो जुन्या सुट्या भागांच्या बाजारातूनच शोधावा लागतो. खोलताना घाई न करण्याचे हे पहिले कारण आहे.

आता तिचे चालणे पाहू. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये नळी स्थिर असते आणि वायूचा दाब किंवा नुसता धक्का बोल्टाला मागे ढकलतो. मॉडेल ८मध्ये नळीच हलते. बाहेरून जी जाड नळी दिसते ती खरी नळी नसून एक जॅकेट, म्हणजे पोलादी आवरण, आहे. खरी नळी त्याच्या आत असते आणि तिच्याभोवती जोरदार रिकॉइल स्प्रिंग गुंडाळलेली असते. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकमेकांत कुलूपबंद अवस्थेत, काडतुसाच्या लांबीहून अधिक अंतर एकत्र मागे सरकतात. अगदी मागे गेल्यावर बोल्ट तेथे धरला जातो आणि नळी स्प्रिंगच्या जोरावर एकटी पुढे निघते. ती पुढे जात असतानाच पुंगळी बोल्टाच्या तोंडावर उघडी पडते आणि बाहेर फेकली जाते. नळी पूर्णपणे पुढे पोहोचली, की मगच बोल्टाची सुटका होते, तो दुसऱ्या स्प्रिंगच्या बळाने पुढे झेपावतो आणि मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसांच्या खोक्यातले, पुढचे काडतूस चेंबरमध्ये नेतो. या पद्धतीला लाँग रिकॉइल म्हणतात आणि ब्राउनिंग यांच्या प्रसिद्ध ऑटो-५ शॉटगनमध्येही हेच तत्त्व आहे.

म्हणजे नळीचा प्रवास हा या रायफलीचा श्वास आहे. जॅकेटच्या आतील भिंत, स्प्रिंग आणि नळी यांच्यामधली जागा अरुंद आहे. तिथे पन्नास-साठ वर्षे थेंब थेंब तेल झिरपत राहिले, त्यात जळक्या दारूची काजळी आणि धूळ मिसळली, तर तयार होतो तो एक चिवट राप. उन्हाळ्यात तो मऊ असतो आणि स्प्रिंग त्याला सहज दाद देत नाही. थंडीत मात्र तो मेणासारखा घट्ट होतो. अशा वेळी नळी मागे जातानाच पुरेशी गेली नाही, तर बोल्ट मागे धरला जात नाही, दोघे जोडीने परत येतात आणि रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहते. तो 'टक' आवाज याचाच. मागे नीट गेली पण पुढे येताना मंदावली, तर पुंगळी धड बाहेरही पडत नाही आणि आतही राहत नाही. एकाच रायफलीत तीन वेगवेगळी लक्षणे आळीपाळीने दिसण्याचे कारण हे आहे, आणि या लक्षणांमागे तीन वेगळे दोष शोधण्यात मी पहिली दोन वर्षे घालवली.

हाताने केलेली तपासणी का फसवते

ज्या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती येथे स्पष्ट सांगतो. आपण बोल्टाचा दांडा हाताने मागे ओढतो तेव्हा बोल्टाचे कुलूप उघडते आणि फक्त बोल्ट मागे येतो. नळी जागची हलत नाही. त्यामुळे घरी बसून बोल्ट शंभर वेळा मागेपुढे केला, डमी काडतुसे भरून ती बाहेर काढून पाहिली, तरी ज्या भागात दोष आहे त्या भागाची परीक्षा होतच नाही. रायफल 'घरी छान चालते' हे वाक्य या मॉडेलच्या बाबतीत निरर्थक आहे. बोल्ट अलगद सरकतो म्हणून रायफल स्वच्छ आहे असा निष्कर्ष मीही काढला होता, आणि एका दुकानातील कारागिरानेही तसाच काढून मला नवीन काडतुसे वापरून पाहण्याचा सल्ला दिला होता.

नळीची परीक्षा वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करावी. येथे मॅगझिन कायमचे बसवलेले असल्यामुळे ते काढून बाजूला ठेवता येत नाही; काडतुसे भरलेली असतील तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून आणि बोट चापापासून दूर ठेवून बोल्ट मागेपुढे करत ती एकेक बाहेर काढावी लागतात. शेवटचे काडतूस निघाल्यावर बोल्ट मागे अडकून राहतो. तेव्हा मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये उजेडात डोळ्यांनी पाहावे आणि चेंबरवर करंगळी फिरवूनही पाहावे. मात्र या वेळी बोल्टाच्या सुटकेच्या खटक्याला धक्का लागणार नाही याची काळजी घ्यावी, कारण तो बोल्ट बोटाची गय करत नाही. घरातली सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. हा क्रम मी प्रत्येक वेळी, रायफल कालच रिकामी केलेली असली तरीही, पुन्हा करतो.

नंतर बोल्ट पुढे सोडून बंद करावा, जमिनीवर मऊ लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर चामड्याचा तुकडा अंथरावा आणि नळीचे तोंड त्यावर सरळ टेकवून रायफल दोन्ही हातांनी खाली दाबावी. स्प्रिंग कडक असल्यामुळे नळी थोडीच आत जाईल, पण तेवढे पुरेसे आहे. दाब सोडताच नळी झटक्यात, एका दमात, मूळ जागी आली पाहिजे. माझ्या रायफलीत उबदार खोलीत ती बऱ्यापैकी परत येत असे. मग मी ती रिकामी रायफल कुलूपबंद पेटीत घालून गॅरेजमध्ये रात्रभर ठेवली. बाहेर उणे ८ अंश सेल्सिअस होते. सकाळी तीच परीक्षा तेथेच, रायफल घरात न आणता, घेतली. नळी आत गेली आणि परत येताना एखाद्या जुन्या दाराच्या डोअर क्लोजरसारखी सावकाश, जाणवेल इतक्या संथपणे सरकत आली. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर तर तिने घेतलेच नाहीत, अंगठ्याने किंचित ओढावे लागले. तीन वर्षांचे उत्तर तेथे मिळाले. थंडीत उद्भवणारा दोष थंडीतच तपासावा, इतकी साधी ही बाब होती.

या परीक्षेत नळी थंडीतही चपळ निघाली, तर दोष अन्यत्र आहे आणि त्याकडे पुढे येतो. नळी उबेतही मध्येच घासत असेल किंवा एका ठरावीक जागी अडत असेल, तर जॅकेटवर पोचा आलेला आहे का ते पाहावे. जॅकेट पातळ आहे. रायफल कधी दगडावर किंवा गाडीच्या दारात आपटली असेल, तर बाहेरून नखाएवढी दिसणारी खोलगट जागा आत नळीला किंवा स्प्रिंगला घासते. उजेडाकडे तिरके धरून बोटांची टोके जॅकेटवरून हळूहळू फिरवली, की ती डोळ्यांआधी बोटांना कळते. असा पोचा घरी काढण्याच्या भरीस पडू नये.

किती खोलावे आणि कोठे थांबावे

ही रायफल दोन भागांत सुटी होण्यासाठीच बनवलेली आहे, आणि तेवढी खोलणी कोणीही जबाबदार मालक करू शकतो. स्क्रूच्या खाचा अरुंद आहेत. घरातला निमुळत्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर त्यांत घातला तर तो वरच्या कडांवरच जोर देतो आणि शंभर वर्षे टिकलेली खाच एका मिनिटात फाटते. समांतर बाजू असलेले, खाचेच्या रुंदीला आणि जाडीला तंतोतंत बसणारे टोक वापरावे. स्क्रू हलत नसेल, तर गंज सोडवणारे तेल एक थेंब टाकून रात्रभर थांबावे. जोर लावू नये.

बोल्ट मागे अडकवून ठेवावा. तो पुढे असताना नळीच्या मागच्या टोकात कुलूपबंद असतो, आणि तशा स्थितीत नळी सुटी करता येत नाही. पुढच्या लाकडी दस्त्याचा स्क्रू काढून तो दस्ता पुढे सरकवून बाजूला घ्यावा. जुने अक्रोडाचे लाकूड स्क्रूभोवती तेलाने नरम झालेले असते, म्हणून तो ओढताना पिळू नये. दस्त्याखाली टेकडाउन स्क्रू दिसतो. तो पूर्ण सोडवला, की जॅकेट, स्प्रिंग आणि नळी हा सगळा संच रिसिव्हरपासून, म्हणजे बोल्ट आणि चाप असलेल्या मधल्या पोलादी खोक्यापासून, पुढच्या बाजूला सरळ निघून येतो. या क्षणापासून मागे अडकवलेल्या बोल्टाला हात लावू नये. समोर नळी नसताना तो सुटला तर पोलाद पोलादावर आपटेल. मी रिसिव्हर मऊ कापडात गुंडाळून, आडवा, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवतो, म्हणजे काम करताना चुकून खटक्याला हात लागत नाही.

येथे थांबावे. जॅकेट सोडवून नळी आणि स्प्रिंग बाहेर काढण्याचा मोह होतो; मलाही झाला होता. परंतु त्यासाठी पुढच्या टोकाची बैठक सोडवणारा खास पान्हा लागतो, आणि ती सुटते तेव्हा आत दाबून बसलेली स्प्रिंग पूर्ण ताकदीने बाहेर येऊ पाहते. मशीनवर काम केलेल्या माणसाला दाबलेल्या स्प्रिंगचा धाक असतोच, आणि तो असावा. याशिवाय नेम धरण्याची पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही जॅकेटवर आहेत, कारण नळी तर हलणारी आहे. जॅकेट सोडवून किंचित वेगळ्या कोनात बसले तर नेम बिघडतो. मला हे काम करावे लागले नाही, आणि बहुतेकांना लागणार नाही.

जॅकेटच्या आतील राप काढणे

काम गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवून करावे. अमेरिकेतील घरांच्या तळघरात पाणी तापवण्याच्या गॅसच्या टाकीखाली बारीक ज्योत अनेकदा कायम जळत असते, आणि राप विरघळवण्यासाठी लागणाऱ्या मिनरल स्पिरिटची (पेट्रोलियमपासून बनलेल्या द्रावकाची) वाफ जमिनीलगत पसरते. म्हणून तळघर नकोच. हातमोजे घालावेत. दारूच्या काजळीत शिसे असते, त्यामुळे खाणेपिणे जवळ नसावे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

एका उथळ ट्रेमध्ये नळीचे तोंड खाली करून संच उभा धरावा आणि मागच्या टोकाकडून नळी व जॅकेट यांच्यामधल्या फटीत मिनरल स्पिरिट थोडे थोडे ओतावे. लगेच निथळू देऊ नये. पुढचे टोक चिंधीने दाबून धरून पंधरा-वीस मिनिटे ते आत मुरू द्यावे. मग जॅकेट दोन्ही हातांनी घट्ट धरून, नळीचे तोंड चामडे अंथरलेल्या लाकडावर टेकवून, नळी पंधरा-वीस वेळा आतबाहेर करावी आणि द्रव ट्रेमध्ये सोडावा. चेहरा नळीच्या रेषेत कधीही आणू नये.

पहिल्या खेपेला काही विशेष बाहेर आले नाही. दुसऱ्या खेपेला ट्रेमध्ये जे उतरले ते काकवीसारखे होते, तसेच दाट, तसेच तांबूस-काळे, आणि त्याला जुन्या शिवणयंत्राच्या तेलाचा खवट वास होता. त्यात चिमटीत धरता येतील असे काळे पापुद्रे होते. तिसऱ्या खेपेला ते कोऱ्या चहासारखे झाले. मी एकूण सात खेपा केल्या, आणि सातव्या वेळी पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पाहिला तेव्हा फक्त फिकट पिवळा डाग उमटला. शेजारच्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना आठवले की त्यांचे वडील दर वर्षी हंगाम संपल्यावर नळीच्या तोंडाशी 'भरपूर' तेल सोडत असत आणि रायफल भिंतीला टेकवून उभी ठेवत असत. ते तेल पन्नास वर्षांत कोठे गेले असेल, याचा उलगडा ट्रेमध्ये झाला. मीसुद्धा दुसऱ्या हंगामानंतर गुळगुळीत चालावी म्हणून त्याच फटीत थोडे ग्रीस भरले होते, आणि तिसरा हंगाम सर्वांत वाईट गेला तो त्यामुळेच.

धुण्याचे काम झाल्यावर नळीचे तोंड खाली ठेवून संच रात्रभर निथळू द्यावा. घरी कॉम्प्रेसर असल्यास कमी दाबाची हवा मागून मारावी, डोळ्यांवर चष्मा लावून. दुसऱ्या दिवशी अत्यंत पातळ, थंडीत न गोठणारे तेल चार-पाच थेंब, त्याहून अधिक नाही, फटीत सोडून नळी पुन्हा काही वेळा आतबाहेर करावी.

उरलेली सफाई

संच सुटा झालेला असतानाच नळी मागच्या बाजूने साफ करून घ्यावी. अनेक अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये सफाईचा गज नळीच्या तोंडातूनच घालावा लागतो आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने तोंडाची कड झिजते, नेम बिघडतो. या रायफलीत ती अडचण नाही, आणि रचनाकाराने दिलेली ही सोय वापरली पाहिजे. पितळी ब्रश, सॉल्व्हंट, चिंध्या हा क्रम सर्वांना ठाऊक आहे.

चेंबर मात्र स्वतंत्रपणे पाहावे. मागे उडवलेल्या दोन-चार पुंगळ्या जपून ठेवलेल्या असतील तर त्या उजेडात फिरवून बघाव्यात: अंगावर उभे ओरखडे असतील तर चेंबरमध्ये कचरा आहे, आणि त्याच जागी बारीक पुरळासारखे उठाव दिसत असतील तर गंजाचे खड्डे आहेत. पुंगळीचे पितळ वायूच्या दाबाने फुगते तेव्हा त्या खड्ड्यांत शिरते आणि पुंगळी सुटत नाही. कचरा चेंबरच्या मापाच्या पितळी ब्रशने निघतो. खड्ड्यांना घरगुती उपाय नाही, आणि चेंबर एमरी कागदाने घासणे हा तर अपायच आहे. बोल्टाच्या तोंडावरील पुंगळी ओढणारा आकडा आणि त्याच्या मागची फट लाकडी टूथपिकने कोरून पाहावी. माझ्या रायफलीत तेथून तिळाएवढा कडक काळा गोळा निघाला.

जुन्या घरात रायफलीबरोबर जुनी काडतुसेही मिळतात. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमिंग्टनने क्लीनबोअर नावाचे न गंजवणारे प्रायमर (काडतुसाच्या बुडातील, दारू पेटवणारी टोपी) आणले. त्यापूर्वीच्या काडतुसांतील प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते उडाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक भाऊ, मागे राही. तो हवेतील ओल खेचतो आणि एका रात्रीत गंज धरवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून अशी काडतुसे पूर्वी कोणी वापरली असतील, तर त्या काळचे लोक नळी आधी कढत पाण्याने धूत आणि मग तेल लावत, ते योग्यच होते. मला स्वतःला अशी काडतुसे आज उडवणे मान्य नाही. ती संग्रहात ठेवावीत. आणि काडतुसाचे नाव नळीवरील छापाशी अक्षरशः जुळवून घ्यावे. .३० रेमिंग्टन हे .३०-३० नव्हे, दोघांची ताकद जवळपास सारखी असली तरी दुसऱ्याच्या बुडाला कड असते आणि ते या रायफलीसाठी नाही.

जोडणी उलट्या क्रमाने होते. संच रिसिव्हरमध्ये सरळ रेषेत सरकवावा, टेकडाउन स्क्रू पूर्ण आवळावा, कारण तो सैल राहिला तर प्रत्येक गोळीचा धक्का जोडावर येतो. दस्त्याचा स्क्रू मात्र बसेपर्यंतच फिरवावा, लाकूड चिरडेपर्यंत नाही. मग पुन्हा रिकामेपणाची खात्री, पुन्हा लाकडाचा ठोकळा, आणि पुन्हा एक रात्र गॅरेजमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारा आणखी खाली, उणे ११ वर होता. नळी दाबली, सोडली, आणि ती 'खट' अशी पुढे आली. आवाज इतका स्वच्छ होता की मी तो पुन्हा ऐकण्यासाठी चार-पाच वेळा दाबून पाहिली. त्यानंतर दोन हंगाम गेले आहेत आणि एकदाही पुंगळी अडकलेली नाही. इतके धुऊनही थंडीत नळी रेंगाळत असेल, तर रिकॉइल स्प्रिंग थकलेली असण्याची शक्यता आहे. नवी स्प्रिंग मिळू शकते, परंतु ती बसवायला जॅकेट सोडवावे लागते, म्हणून ते काम या जुन्या रेमिंग्टन रायफलींचा अनुभव असलेल्या गनस्मिथकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच, द्यावे, आणि रायफल देताना थंडीतल्या परीक्षेचा निकाल लिहून बरोबर द्यावा, अन्यथा तोही उबदार दुकानात बोल्ट ओढून पाहील.

हंगामात एक पथ्य मी पाळतो. दिवसभर थंडीत असलेली रायफल एकदम उबदार खोलीत आणली, तर थंड पेल्याला सुटतो तसा तिला बाहेरून आणि आतून घाम सुटतो, जॅकेटच्या आतही सुटतो, आणि तेथे पुसायला बोट पोहोचत नाही. म्हणून ती बाहेरच रिकामी करून बंद पिशवीत घालावी, पिशवी घरात आणून तीन-चार तास उघडू नये, आणि मगच पुसावी. तेल लावल्यानंतर पहिली रात्र ती नळीचे तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल लाकडात किंवा यंत्रणेत न उतरता चिंधीवर उतरते. माझ्या कपाटाच्या तळाशी त्यासाठी जुन्या सुती धोतराची चौपदरी घडी कायम अंथरलेली असते.